विशीतलं बीपी आणि आत्याच्या घरचा लकवा

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यामुळं आमच्या भागात लष्करभरती हा घराघरातला विषय. खानापूर, येळ्ळूर, कडोली, उचगाव, पलीकडं चंदगड-गडहिंग्लज, सगळीकडची पोरं पहाटे रस्त्यानं पळताना दिसतात. त्यातला एखादा सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारतो, छाती भरते, सगळं जमतं आणि मेडिकलला बीपी निघतं १६०/१००. पोरगं काटक, ना मावा ना दारू, वजन साठच्या आत. घरचे म्हणतात, "टेन्शन घेतलंस गा."

बहुतेक वेळा घरच्यांचं खरंच असतं. रात्रभर झोप नाही, रांगेत उभं राहून पाय भरून आलेले, समोर वर्दीतला डॉक्टर. चार दिवसांनी निवांत बसवून, हाताला बसेल असा पट्टा बांधून मोजलं की आकडा खाली येतो. पण तसं मोजूनही तो पुन:पुन्हा १४०/९० च्या वरच राहत असेल, तर टेन्शनवर ढकलून चालत नाही. पन्नाशीतल्या बीपीला बहुधा एकच असं कारण सापडत नाही. वय, वजन, मीठ आणि घराण्याचा कल हे सगळं मिळून ते वाढतं. विशीतल्या, सडपातळ माणसाच्या बीपीला मात्र कारण शोधावं लागतं. मूत्रपिंडाचा विकार, मूत्रपिंडाकडं जाणारी रक्तवाहिनी अरुंद असणं, महाधमनी जन्मापासून आवळलेली असणं, थायरॉइड, आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी.

या लेखाचा विषय त्या शेवटच्या गटातला एक दुर्मीळ आजार आहे. नाव लांबलचक: ग्लुकोकॉर्टिकॉइड-रेमेडिएबल अल्डोस्टेरॉनिझम. डॉक्टर जीआरए म्हणतात, नव्या पुस्तकांत त्याला फॅमिलियल हायपरअल्डोस्टेरॉनिझम टाइप १ असं नाव आहे. आईबापाकडून येतो, हार्मोनचा घोळ करतो आणि बीपी वाढवतो. अल्डोस्टेरॉन जास्त झाल्यामुळं ज्यांचं बीपी वाढतं, त्या सगळ्यांत याचे रुग्ण शंभरात एकाहूनही कमी. मग इतक्या दुर्मीळ आजारावर कशाला लिहायचं? कारण तो ओळखला तर औषधच बदलतं, आणि एका माणसात सापडला की त्याच घरातली आणखी चार-पाच माणसं वेळेत सापडतात. दुर्मीळ आजार गावात विखरून येत नाही, तो एका घरात दाटीवाटीनं राहतो.

आधी अल्डोस्टेरॉन म्हणजे काय ते बघू. हे हार्मोन १९५३ साली लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट या जोडीनं शोधलं. अॅड्रिनल ग्रंथीच्या अगदी बाहेरच्या थरात ते तयार होतं आणि मूत्रपिंडाला सांगतं: मीठ सोडू नको, आत ओढ. मिठाबरोबर पाणी आत येतं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे बाहेर जातं. उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाचा घाम निथळतो तेव्हा याच हार्मोनच्या जिवावर तो उभा राहतो. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड रेनिन नावाचं रसायन सोडतं, त्या रेनिनमुळं पुढची साखळी हलते आणि अल्डोस्टेरॉन वाढतं. मीठ पुरेसं झालं की रेनिन थांबतं, अल्डोस्टेरॉनही खाली येतं. हा तोल बिघडला की बीपी वाढतं, हे अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या जेरोम कॉन यांनी एका रुग्ण बाईच्या अॅड्रिनलमधली गाठ काढून १९५५ च्या सुमारास दाखवून दिलं. जीआरएमध्ये अशी गाठ नसते. इथं बिघाड जन्मापासूनचा, जीनमधलाच.

त्याच ग्रंथीच्या मधल्या थरात कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन तयार होतं. त्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो, एसीटीएच या हार्मोनच्या रूपात, आणि तो पहाटे सगळ्यात जोरात असतो. कॉर्टिसॉलचा शेवटचा टप्पा पार पाडणारा जीन आणि अल्डोस्टेरॉनचा शेवटचा टप्पा पार पाडणारा जीन हे दोघे आठव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर अगदी शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि दिसायला जवळजवळ सारखे: त्यांची अक्षरं ९५ टक्के जुळतात. शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकांना चिकटून तुकड्यांची देवाणघेवाण करतात. जीन इतके सारखे असले की कधीतरी जोडी एक घर सरकून बसते आणि पहिल्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेपटाला लागते. असा एक तिसरा, जोड-जीन जन्माला येतो. त्याची कळ कॉर्टिसॉलची, काम अल्डोस्टेरॉनचं.

घटप्रभेच्या किंवा दूधगंगेच्या काठावर दोन शेतकऱ्यांच्या मोटारींचे स्टार्टर एकाच शेडमध्ये शेजारी लावलेले असतात, ते डोळ्यासमोर आणा. वायरमननं चुकून तुमच्या शेतात पाणी टाकणारी एक जादा मोटार शेजाऱ्याच्या स्टार्टरला जोडून ठेवली. शेजारी रोज पहाटे आपल्या गरजेनं बटण दाबतो आणि पाणी तुमच्याही उसात येतं. तुमच्या माणसाला शेत तुडुंब दिसतं म्हणून तो तुमचा स्टार्टर बंद करून बसतो, बिचाऱ्याचं चूक काहीच नाही. तरी पाणी येतच राहतं. तो बंद करून बसलेला माणूस म्हणजे रेनिन. म्हणून या रुग्णांच्या रक्तात रेनिन जवळजवळ नाहीसं असतं आणि अल्डोस्टेरॉन मात्र मीठ कितीही झालं तरी थांबत नाही.

आता गंमत बघा. हा जीन सापडायच्या कितीतरी आधी औषध सापडलं होतं. १९६६ साली कॅनडातल्या सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बाप-लेकाची हकिगत छापली. दोघांनाही बीपी, दोघांचं अल्डोस्टेरॉन जास्त, रेनिन कमी, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर दोघांचं बीपी खाली आलं. स्टेरॉइडनं बीपी वाढतं हे शिकलेल्या कुठल्याही डॉक्टरला हे उलटंच वाटणार. कारण असं: बाहेरून थोडं स्टेरॉइड मिळालं की पिट्युटरीला वाटतं कॉर्टिसॉल पुरेसं आहे, ती एसीटीएच सोडायचं कमी करते. शेजारी बटणच दाबत नाही, मग जादा मोटारही चालत नाही. का ते कळायला १९९२ उजाडलं. रिचर्ड लिफ्टन यांच्या गटानं तो जोड-जीन दाखवला आणि सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या बाप-लेकाचं कोडं सुटलं. मला वैद्यकशास्त्राच्या इतिहासातल्या अशा गोष्टी फार आवडतात. कुणीतरी दिसलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, अर्थ नंतरच्यांना लागतो.

हा आजार ओळखायला अवघड का? कारण बहुतेकांना जाणवण्यासारखा त्रास काहीच होत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की अल्डोस्टेरॉन वाढलं की पोटॅशियम घसरतं, पायात गोळे येतात, थकवा येतो, रात्री लघवीला उठावं लागतं. जीआरएच्या बऱ्याच रुग्णांचं पोटॅशियम मात्र नॉर्मल असतं, म्हणून "इलेक्ट्रोलाइट ठीक आहेत, काही नाही" एवढ्यावर शंका मिटवू नये. एक धागा मात्र हाती येतो. बीपीसाठी थायाझाइड गटातली लघवीची गोळी सुरू केली आणि पोटॅशियम धाडकन खाली गेलं, पाय उचलेनात, तर ती नुसती औषधाची बाधा समजून गोळी बंद करून विषय संपवू नये; मागं अल्डोस्टेरॉन आहे का ते बघावं. आणखी एक अडचण म्हणजे एकाच घरात, तोच जीन असलेल्या एका भावाचं बीपी १८० आणि दुसऱ्याचं १३०, असंही असतं.

आपल्याकडं सरकारी पातळीवर बीपी-शुगरची जी घरोघरची तपासणी होते, आशाताई फॉर्म भरून नेतात, ती तिशीपासून पुढच्यांची. हे बरोबरच आहे, कारण बीपीचा मोठा भार त्याच वयात असतो. पण त्यामुळं एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाताला पट्टा बांधला जातो तो भरतीत नाहीतर रक्तदान शिबिरात. मुलींच्या बाबतीत तर थेट पहिल्या बाळंतपणात.

आणि खरा धोका याच वयातला. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येऊन तो फुटणं, म्हणजे मेंदूत रक्तस्राव, हा जीआरएचा सगळ्यात वाईट चेहरा. १९९८ साली २७ घराण्यांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या घराण्यांत कुणाला ना कुणाला मेंदूचा झटका आलेला होता, बहुतेक रक्तस्रावाचे, आणि पहिल्या झटक्याचं सरासरी वय बत्तिशीच्या आसपास. म्हणून असा जीन पक्का झालेल्या माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं एमआर अँजिओ वयात आल्यापासून दर पाच वर्षांनी करावं असं तज्ज्ञ सुचवतात.

इथं आपल्या घरातल्या गप्पांचा प्रश्न येतो. तरुण माणूस अचानक गेला की आपण "अटॅकनं गेला" एवढंच म्हणतो आणि पुढची पिढी तेच धरून चालते. विचारायचं असतं वेगळंच: आधी डोकं भयंकर दुखलं का, उलटी झाली का, बोलणं अडखळलं का, तोंड वाकडं झालं का, बेशुद्ध होऊन काही तासांत गेला का, की छातीत कळ येऊन घाम फुटला? पहिला प्रकार असेल आणि वय चाळिशीच्या आतलं असेल, तर ती हकिगत डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे.

हा आजार प्रबळ पद्धतीनं उतरतो, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून तो जीन आला तरी पुरे. प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, मिळण्याची शक्यता निम्मी. पिढी टाळून तो उडी मारत नाही. मधल्या पिढीत दिसला नाही तर बहुधा कुणी मोजलंच नसतं. आपल्याकडं या शोधात एक मोठं भोक राहतं. वंशावळ सांगायची म्हटली की आपण पणजोबा, आजोबा, वडील, चुलते अशी पुरुषांची नावं घडाघडा म्हणतो. देवघरातल्या वहीत, कुळकर्ण्यांच्या जुन्या कागदांत, गावोगाव फिरून वंशावळ सांगणाऱ्या हेळव्यांच्या तोंडीसुद्धा तीच ओळ असते. जीनला असला भेद माहीत नाही. तो आत्याबरोबर तिच्या सासरी जातो आणि तिथं वेगळं आडनाव लावतो.

एक कुटुंब कल्पनेनं उभं करू. आजोबा खानापूर तालुक्यातले, अडतीसाव्या वर्षी नांगरटीच्या दिवसांत डोकं धरून बसले, संध्याकाळपर्यंत गेले. त्यांना दोन मुलगे, दोन मुली. थोरल्याला काही नाही. धाकटा चाळिशीत बीपीच्या तीन गोळ्या खातो, कारखान्यात आहे, "कामाचं टेन्शन" म्हणतो. थोरली आत्या निपाणीला दिली. तिला पस्तिशीत लकवा मारला, ती मिरजेला अॅडमिट होती, फाइल मिरजेतच राहिली. धाकटी आत्या चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिचा मुलगा गोव्यात नोकरीला, त्याचं बीपी कंपनीच्या तपासणीत निघालं. आणि धाकट्याचा पोरगा म्हणजे भरतीत अडकलेला तो एकोणीस वर्षांचा. बेळगावातल्या डॉक्टरपुढं तो एकटा बसतो आणि "घरात कुणाला बीपी?" या प्रश्नाला "पप्पांना हाय" एवढंच उत्तर देतो. तीन राज्यांत, तीन आडनावांत, कन्नड-मराठी-इंग्रजी कागदांत पसरलेली ही गोष्ट कुणाच्याच टेबलावर एकत्र येत नाही. सीमाभागात नाती एकीकडं आणि कागद दुसरीकडं, हे आपल्याला नवं नाही. पण ऐन विशीतल्या बीपीच्या बाबतीत ते महागात पडतं.

म्हणून डॉक्टरकडं जाण्याआधी आत्या, मावशी, मामा, आजीकडचे भाऊ या सगळ्यांना फोन लावा. एका कागदावर प्रत्येकाचं नातं, बीपी कितव्या वर्षी सापडलं, लकवा किंवा अचानक मृत्यू कितव्या वर्षी, एवढं लिहा. दहा मिनिटांचं काम नाही, आजीला विचारायला बसलात तर अख्खी दुपार जाईल आणि तीन जुनी भांडणं उकरून निघतील. तरी करा.

जाता जाता एक खुलासा. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची पद्धत आहे, त्यामुळं असा काही आजार निघाला की लगेच "नात्यात केलं म्हणून" असं कुणीतरी म्हणतं. जीआरएच्या बाबतीत ते खरं नाही, इथं एकाच बाजूचा जीन पुरतो. नात्यातल्या लग्नाचा संबंध येतो तो ज्या आजारांना दोन्हीकडून सदोष जीन लागतो त्यांच्यात. बीपी वाढवणारे तसलेही आजार आहेत, उदाहरणार्थ ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमची कमतरता, ज्यात मुलगा फार लवकर वयात येतो किंवा जन्मलेली मुलगी मुलासारखी दिसते. ती वेगळी गोष्ट.

तपासणीची पहिली पायरी सोपी आहे: अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं गुणोत्तर. सकाळी उठून दोनेक तास चालतं-फिरतं राहायचं, मग पाच-पंधरा मिनिटं बसून रक्त द्यायचं. उपास नको, आणि आदल्या दिवसांत मुद्दाम मीठ तोडायचं नाही. मीठ तोडलं तर रेनिन वाढतं आणि निकाल फसवतो. पोटॅशियम कमी असेल तर आधी ते भरून घ्यावं लागतं. स्पायरोनोलॅक्टोन ही अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी चालू असेल तर ती साधारण चार आठवडे थांबवावी लागते, आणि बीटा-ब्लॉकर या बीपीच्या गोळीनं रेनिन खाली दिसतं म्हणून ती चालू आहे हे डॉक्टरांना माहीत हवं. हे सगळं डॉक्टरांच्या सांगण्यानुसार. बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करून रक्त द्यायला जाऊ नका. लहान गावात या तपासण्या होत नसतील, पण रक्त घेऊन पुढं पाठवता येतं.

गुणोत्तर चढं आलं तरी त्याचा अर्थ जीआरएच असा नाही. अल्डोस्टेरॉन वाढण्याची बाकीची कारणं कितीतरी जास्त आढळतात. वय विशीच्या आत असेल, किंवा घरात चाळिशीच्या आत मेंदूचा झटका असेल, तर जोड-जीनची तपासणी करावी. इथं एक तांत्रिक बारकावा रुग्णानंही लक्षात ठेवण्यासारखा आहे: नेहमीचं जीन-पॅनेल किंवा एक्झोम, म्हणजे जीनची अक्षरं वाचणारी तपासणी, हा जोड-जीन चुकवू शकते, कारण अक्षरं चुकलेली नसतात, दोन जीन जोडले गेलेले असतात. त्यासाठी लाँग-पीसीआर नावाची वेगळी तपासणी असते आणि ती नाव घेऊन मागावी लागते. जीन निघाला तर अॅड्रिनल काढायचा प्रश्नच उरत नाही. दोष दोन्ही ग्रंथींत, प्रत्येक पेशीत आहे.

उपचार म्हणजे झोपताना अगदी थोडं स्टेरॉइड. मोठ्यांना डेक्सामेथासोन ०.१२५ ते ०.२५ मिलिग्रॅम किंवा प्रेडनिसोलोन २.५ ते ५ मिलिग्रॅम. रात्री का, तर पहाटेचा एसीटीएचचा जोर दाबायचा असतो म्हणून. आपल्याकडं मिळणारी डेक्साची साधी गोळी ०.५ मिलिग्रॅमची, म्हणजे यांना लागते ती तिचा अर्धा किंवा पाव तुकडा. वाढत्या मुलांत स्टेरॉइडनं उंची खुंटण्याची भीती असते, म्हणून तिथं बहुधा दुसरा रस्ता घेतात: अल्डोस्टेरॉनला मूत्रपिंडावर काम करू न देणारी इप्लेरेनोन किंवा स्पायरोनोलॅक्टोन, नाहीतर अमिलोराइड. स्पायरोनोलॅक्टोननं पुरुषांच्या छातीत गाठी येऊन दुखू शकतं. लाजून गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावं, बदलून मिळते.

आता हे वाचून कुणी शेजारच्या काकांना "डेक्सानं बीपी उतरतं" असं सांगायला जाऊ नये. असे मोजके दुर्मीळ आजार सोडले तर स्टेरॉइडनं बीपी चढतं, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात. अंग भरावं म्हणून, सांधे दुखतात म्हणून गावोगावी याच पांढऱ्या बारीक गोळ्या पुडीत बांधून दिल्या जातात, आणि मग फुगलेला चेहरा घेऊन माणसं सिव्हिलला येतात. कुठलाही जीन न तपासता दिलेली ती पुडी आणि जीआरएच्या रुग्णाचा तो पाव तुकडा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मीठ मात्र सगळ्यांनीच कमी करावं, जीआरएवाल्यांनी अधिकच. अल्डोस्टेरॉन नुकसान करतं ते मीठ आत ओढूनच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात भाकरीबरोबरचा खर्डा, लोणचं, सांडगी मिरची, पापड, गोव्याकडून आलेली सुकी मासळी हे सगळं आलं. आमच्याकडच्या ताटात तो चमचा पहिल्या दोन घासांतच संपतो. आणि खोकल्यावर ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर तीही सांगा. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर खाल्लं तर अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखंच चित्र तयार होतं, बीपी वर आणि पोटॅशियम खाली. जीन निर्दोष असलेल्या माणसातही.

घरात एकाचा जीन पक्का झाला की सख्ख्या भावंडांचं, मुलांचं, आणि ज्या बाजूनं आला त्या बाजूच्या आत्या-चुलत्यांचं रक्त तपासायचं. लहान मुलांचं बीपी मोजायला लहान पट्टा लागतो. मोठ्यांचा गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो. लग्नाच्या वयाच्या मुलींची नावं यात लपवली जातात, स्थळ मोडेल म्हणून. त्याची किंमत पुढं बाळंतपणात मोजावी लागते. गरोदरपणात स्पायरोनोलॅक्टोन चालत नाही, "प्रिल" आणि "सार्टन" नावं असलेल्या बीपीच्या गोळ्या चालत नाहीत. त्या दिवस राहण्याआधी बदलायच्या असतात, आणि मुलीनं आजार लपवला तर बदलणार कोण?

पहिलं बाळंतपण आपल्याकडं माहेरी. मुलगी सातव्या महिन्यात चंदगडाहून खानापूरला येते, तिथं बीपी चढलेलं दिसतं आणि "गरोदरपणातलं बीपी" असा शिक्का बसतो. विसाव्या आठवड्याच्या आधीही ते चढलेलंच होतं का, यावर निदान फिरतं. तो आकडा असतो सासरच्या उपकेंद्रात पहिल्या तपासणीला भरलेल्या कार्डावर. माहेरी निघताना त्या कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या, आणि बाळंतपणानंतर सासरी परतताना इकडच्या ताई कार्डाचे, म्हणजे कर्नाटकातल्या गरोदर बाईच्या तपासणी-कार्डाचे, आणि डिस्चार्जच्या कागदाचे. तीन महिन्यांनी बीपी उतरलं की नाही ते पुन्हा मोजून त्याच फोटोंखाली तारखेसह लिहून ठेवा.